मागे जायचे पैसे नाहीत

ती. आईंना धाकट्या सुनेचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अर्थात कागदावरच. हे पत्र मी ट्रकच्या केबिनमध्ये, स्टिअरिंगवर वही ठेवून लिहिते आहे, आणि इथे कमरेत जरा वाकलं तरी हॉर्न वाजतो. आत्ताच वाजला. गोदामाचा पहारेकरी माझ्याकडे बघतो आहे. बघू दे.)

तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? थोरल्या जाऊबाईंकडे लिफ्ट आहे आणि आमच्याकडे नाही, हे तुम्ही जाताना जिन्यातच दोन मजले ऐकू जाईल असं सांगितलं होतंत, तेव्हा गुडघे बरे असणारच असं धरून चालते. इकडे सगळे मजेत. तुमचे धाकटे चिरंजीव चष्म्याच्या दुकानात वेळेवर जातात, वेळेवर येतात आणि मधल्या वेळात कुणाचीच बाजू घेत नाहीत. तुमची नात अभ्यास करते असं तिचं म्हणणं आहे. तुमचा पोपटी स्वेटर, जो तुम्ही तणतणत बॅग भरताना खुंटीवरच विसरलात, तो सुखरूप आहे. त्याची काळजी नसावी. एकूण तुमच्यावाचून आमचं काहीही अडलेलं नाही, आणि ते तुम्हाला कळावं म्हणूनच हे पत्र. (फोन का केला नाही असं म्हणाल. फोनवर तुम्ही मध्ये बोलता. पत्रात मला शेवटपर्यंत बोलता येतं.)

आई, ती जाहिरात तुम्हीच वाचून दाखवली होती, आठवतं ना? आमचा कपड्यांचा कारखाना बंद पडला होता, मी घरात बसून प्रत्येक कपाट पुन्हापुन्हा आवरत होते, आणि तुम्ही पेपर वाचत होता. ट्रकचालकांची तीव्र टंचाई. नव्या परवानाधारकांना सुवर्णसंधी. प्रशिक्षणकाळातही भरघोस वेतन. महिलांनीही अर्ज करावा. शेवटचं वाक्य तुम्ही दोनदा वाचलंत आणि दुसऱ्यांदा वाचताना हसलात. त्या हसण्यावरच मी ट्रक शिकायचं ठरवलं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते. तेव्हा जे काही झालं त्यात थोडा वाटा तुमचाही आहे. आता परवाना माझ्या पर्समध्ये आहे, फोटोत मी कुणाला तरी मारायला निघाल्यासारखी दिसते आहे, आणि त्या जाहिरातीतल्या एकेका शब्दाचा जाब मला कुणाला तरी विचारायचा आहे. जाहिरात देणारे सापडत नाहीत, म्हणून तुम्हाला लिहिते.

पहिलं म्हणजे ती टंचाई. मला वाटलं होतं, परवाना हातात पडला की कंपन्यांची माणसं आपल्या जिन्यात रांग लावतील. मी स्वतःच रांगा लावत फिरले. टँकरवाल्यांकडे गेले, तर ते म्हणाले अनुभव हवा. अनुभव कुठे मिळतो म्हणून विचारलं, तर म्हणाले नोकरी केल्यावर मिळतो. मग नोकरी द्या म्हटलं, तर म्हणाले अनुभव हवा. हे असं आम्ही चहा येईपर्यंत करत बसलो, आणि चहा आला तो त्यांच्यापुरताच. खाणीवर खडी वाहणाऱ्या ट्रकांचा एक मालक आहे, त्याने माझा परवाना उलटासुलटा करून पाहिला आणि साहेब कुठे आहेत म्हणून विचारलं. कोण साहेब? तर ज्यांचा परवाना आहे ते. मी फोटोवर बोट ठेवलं. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाला, बहीण का त्यांची? (तुम्ही असता तर त्याला तिथेच सोललं असतंत. तेवढ्यापुरती तुमची आठवण आली, उगाच खोटं कशाला बोलू.) शहरात घरोघर सामान पोचवणाऱ्यांकडे जागा होती, पण तिथे ट्रक चालवणं हे काम नव्हेच, ती विश्रांती, काम म्हणजे फ्रिज आणि कपाटं पाठीवर घेऊन जिने चढणं. आणि लांब पल्ल्याची कंपनी तर कुणालाही घेते, जाताक्षणी घेते, नावही नीट विचारत नाही. तीन आठवडे रस्त्यावर, दोन दिवस घरी, की पुन्हा तीन आठवडे. तिथल्या माणसाने मला मोठ्या प्रेमाने सांगितलं की या नोकरीत घरभाडं वाचतं. म्हणजे टंचाई आहे ती कुणाची, हे आता मला कळलंय. ज्यांचा जन्मच अनुभवासकट झाला आहे आणि ज्यांना घर नाही, अशा चालकांची.

शेवटी एकाच ठिकाणी माझ्यासारख्या कोऱ्या परवान्याला दारात उभं केलं, ती म्हणजे पिठाची कंपनी. गिरणीतून पिठाची पोती भरायची, गावातल्या आणि आसपासच्या बेकऱ्यांना पोचवायची, सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी. आई, मला हीच नोकरी हवी आहे. संध्याकाळी दार उघडून आत यावं, लेकीच्या वहीत डोकावून तिला ओरडावं, तुमच्या चिरंजिवांनी केलेला कच्चा भात निमूट खावा, एवढंच माझं मागणं आहे. पण ही कंपनी दिवसाचीही कामं करते आणि लांब पल्ल्याचीही, आणि कुणाला काय मिळणार ते प्रशिक्षण संपल्यावर एका परीक्षेवर ठरतं. ती परीक्षा येत्या गुरुवारी आहे, कंपनीच्या आवारात. लांबलचक ट्रेलर मागे मागे घेत माल चढवायच्या फलाटाला सरळ लावून दाखवायचा, पिवळ्या पट्ट्यांच्या आत, कशालाही न घासता. लागला तर पिठाचा ट्रक आणि रोज घर. नाही लागला तर तीन आठवड्यांची वारी, किंवा घरीच बसा.

आता ते भरघोस वेतन. भरतीचं काम बघणारे एक साहेब आहेत, अतिशय गोड माणूस, इतका गोड की त्यांच्या खोलीतून बाहेर आल्यावर तोंड धुवावंसं वाटतं. त्यांनी मला समजावून सांगितलं. पहिला आठवडा आम्हाला एका खोलीत बसवून फिल्म दाखवल्या. ट्रकमधून उतरताना तोंड ट्रककडे करावं, पाठ करू नये, ही एक पूर्ण फिल्म. त्या आठवड्याचे पैसे नाहीत, कारण तेव्हा आपण शिकत असतो. मग रस्त्यावर गेलो की प्रशिक्षण भत्ता सुरू, आणि तो किलोमीटरवर. त्यातही ट्रक मी चालवला तेवढ्याच किलोमीटरवर. गिरणीच्या फाटकाशी रांगेत उभं राहिलो, तर ते किलोमीटर नव्हेत. पोती चढत असताना थांबलो, तेही नव्हेत. बेकरीवाला किल्ली शोधत गावभर फिरला, तर ते त्याचे किलोमीटर, आपले नव्हेत. बरं, मी म्हटलं, आणि मागे घेताना? साहेब हसले. मागे जाणं धरत नाहीत म्हणाले. किलोमीटर पुढचेच असतात.

आई, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, साहेब, मग गुरुवारी परीक्षा कशाची आहे? तर रिव्हर्सची. नवीन माणसाचा दिवस जातो कशात? रिव्हर्समध्ये. मग पैसे कशाचे? पुढे जाण्याचे. म्हणजे जे मी दिवसभर करते त्याचा पगार नाही आणि जे मला उत्तम येतं त्याची परीक्षा नाही! साहेब म्हणाले, मॅडम, तुम्ही फार खोलात जाता. (तुम्ही म्हणाल, घरात काय वेगळं आहे, स्वयंपाकाचे कोण देतं. खरं आहे. पण आपल्या घराने कधी पेपरात भरघोस वेतनाची जाहिरात दिली नव्हती.) महिन्याच्या शेवटी जो भत्ता हातात आला, तो मी तुमच्या चिरंजिवांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, सुरुवात आहे. एवढं बोलून दुकानात निघून गेले. रविवार होता.

माझ्याबरोबर ट्रकमध्ये एक उस्ताद बसवला आहे. शिकवणारा. त्याला मात्र ट्रक जितका फिरेल तितक्या सगळ्या किलोमीटरचे पैसे, तो जागा असो की झोपलेला. त्यामुळे तो झोपतो. पाठीला एक छोटी उशी आहे, तिच्यावर दुसऱ्या कुणी हात ठेवलेला त्याला चालत नाही. केबिनमध्ये चप्पल काढून बसायचं, बिस्किटाचा चुरा सांडायचा नाही, पुसायचं फडकं पिळून वाळत घालायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, अरे, मी घरातून निघालेच नाही की काय! तुमचं आणि त्याचं छान जमेल. बोलायच्या बाबतीत मात्र तो तुमच्या अगदी उलटा आहे. त्याला एकच शब्द येतो, तो म्हणजे हं. बरोबर असलं तरी हं, चुकलं तरी हं, चहा घेणार का तरी हं. मी आता त्याच्या हं-चे प्रकार ओळखायला लागले आहे. लांब हं म्हणजे ब्रेक आधी दाबायला हवा होता. आखूड हं म्हणजे देवाने वाचवलं. पुढे जाताना मी ट्रक असा नेते की तो पाठ टेकताच घोरायला लागतो, आणि हा माणूस दुसऱ्याच्या हाती ट्रक असताना सहसा डोळा मिटत नाही असं मला पहारेकऱ्याने सांगितलं. माझी शिफारस म्हणून हे घोरणंच कंपनीला ऐकवायला हवं.

पण मागे घेताना! काय सांगू, आई. पहिलीच बेकरी. गल्ली चांगली रुंद, फलाट समोर, ऊन नाही, पाऊस नाही. मी रिव्हर्सचा गिअर टाकला, आणि कुठून कुठून माणसं उगवली. ट्रक मागे येताना दिसला की जगातल्या प्रत्येक माणसाला हात हलवावासा का वाटतो, हे मला कुणी तरी सांगावं. बेकरीवाला डावीकडे बोलावत होता, त्याचा हिशेबनीस उजवीकडे, आणि रस्त्याने जाणारे एक आजोबा, ज्यांचा पिठाशी काडीचा संबंध नव्हता, ते पिशवी खाली ठेवून दोन्ही हातांनी येऊ द्या, येऊ द्या करत होते. येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, आणि धाडकन आवाज झाल्यावर बास, बास, बास. बास आधी म्हणायचं असतं हे यांना शाळेत शिकवत नाहीत का? बेकरीवाल्याच्या कचऱ्याच्या ड्रमाची चपटी थाळी झाली. दुसऱ्या बेकरीत ट्रेलर गल्लीत असा आडवा बसला की बसमधली माणसं उतरून चालत गेली, आणि जाताना प्रत्येकाने मला निरखून पाहिलं. तिसऱ्या ठिकाणी मी इतके प्रयत्न केले की शेवटी बेकरीवाला रडवेला होऊन म्हणाला, ताई, राहू द्या, आम्ही पोती डोक्यावरून नेतो. नेली बिचाऱ्यांनी. मी पांढऱ्या पिठात उभी राहून बघत होते आणि लाजेने मला अंगावरचं पीठ झटकायचंही सुचलं नाही.

आधी मी म्हटलं, आरसे वाईट आहेत. कंपनीच्या मेकॅनिकने आरसे काढले, पुसले, घट्ट केले आणि म्हणाला यात तर दाढी करता येईल. मग म्हटलं, माझे डोळे गेले. तुमच्या चिरंजिवांनी दुकानात बसवून मला वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं वाचायला लावली. दोन्ही डोळे उत्तम निघाले. तक्रारीला म्हणून जागा ठेवली नाही. आणि गंमत अशी की ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हेच काम मी डोळे झाकून करत होते. परवान्याच्या परीक्षेत मी ट्रेलर पहिल्या दमात असा मागे लावला की परीक्षक खाली वाकून चाकं आणि पट्टी बघत राहिला. तुम्ही होतातच की तिथे.

आता तो विषय निघालाच आहे तर बोलते. तुम्ही स्कूलच्या मैदानावर पहिल्या दिवशी आलात ते मास्तरवर विश्वास नव्हता म्हणून. तो वेळेत चोरी करतो असा तुम्हाला संशय होता, आणि तो करत होताच. तुम्ही त्याच्याकडून निळी प्लास्टिकची खुर्ची मागवलीत, कोपऱ्यातल्या खांबाजवळ टाकलीत, पोपटी स्वेटर घालून मटार सोलत बसलात, आणि तास संपायच्या आत मास्तरने शिट्टी मारली की हातातली शेंग उगारलीत. त्यानंतर रोज तीच खुर्ची, तीच जागा. ऊन आलं तरी जागा सोडली नाहीत. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. पण मी पास झाल्यावर तुम्ही जिन्यात, दुधवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत प्रत्येकाला सांगत सुटलात की मी बसले होते म्हणून पास झाली! मी रात्रंदिवस मान मोडून शिकले, हाताला घट्टे पडले, आणि पास तुम्ही केलंत? मी फक्त एवढंच म्हटलं की तुम्ही नुसत्या खुर्चीवर बसला होतात. त्यावर तुम्ही बॅग भरलीत. त्या वाक्यात चूक काय होती हे मला अजूनही कळलेलं नाही. तुम्ही खुर्चीवरच बसला होतात. निळ्या.

असो. तर गेल्या शनिवारी, शेवटच्या बेकरीत, मी ट्रेलर पुन्हा वाकडा लावला, तेव्हा उस्ताद खाली उतरला. ट्रकभोवती एक फेरी मारली, चाकाला हात लावला, माझ्या खिडकीखाली येऊन उभा राहिला आणि ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच एक अख्खं वाक्य बोलला. म्हणाला, "बाई, तुम्ही आरशात शोधता काय?"

मी म्हटलं, फलाट शोधते. तो म्हणाला, हं. हा हं मला नवीन होता. त्याचा अर्थ, खोटं बोलता. आणि मग सबंध रस्ताभर मी त्याच प्रश्नाचा विचार करत आले, कारण खरंच आई, मी आरशात फलाट शोधत नव्हते. मी काय शोधत होते ते मला घरी पोचता पोचता कळलं आणि असा संताप आला की विचारू नका. पण ते मी उस्तादला सांगितलेलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. सांगण्यासारखं काही नाहीच.

बाकी सर्व क्षेम. थोरल्या जाऊबाईंना नमस्कार. (त्यांच्या मोटारीला मागे कॅमेरा आहे, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं आहे. चांगलं आहे. त्यांना आरसा केस नीट करायला मोकळा राहतो.) तुम्ही तिथे अगदी निवांत राहा, परत यायची मुळीच घाई करू नका. गुडघे सांभाळा.

तुमची,
नुसता ट्रक चालवणारी,
धाकटी सून

ता. क. तुमच्या पोपटी स्वेटरबद्दल वर सुखरूप लिहिलं आहे ते तितकंसं खरं नाही. त्याच्या पाठीवर टायरची नक्षी उठली आहे. दोनदा धुतला, जात नाही. हे कसं झालं ते सांगावं लागणार, म्हणजे वर जे सांगणार नाही म्हटलं होतं तेही सांगावं लागणार. तर ऐका. मी ट्रेलर मागे घ्यायला शिकले ती आरसे बघून नव्हे, फलाट बघून नव्हे, मास्तरने सांगितलेल्या कुठल्याच खुणेने नव्हे. मी तुमच्यावरून शिकले. पोपटी स्वेटर आरशात दिसतोय तोवर सरळ यायचं. ट्रेलरच्या कोपऱ्याआड सासूबाई दिसेनाशा झाल्या की स्टिअरिंग वळवायचं. पुन्हा दिसल्या की सरळ करायचं. हे मी करते आहे हे माझं मलाच ठाऊक नव्हतं! मला वाटत होतं, मी तरबेज झाले. आणि आता प्रत्येक बेकरीत मी आरशात तुम्हाला शोधत असते, तुम्ही आधी दिसतच नाही, त्यामुळे दिसेनाशाही होत नाही, आणि ट्रक वाकडा जातो. सासू नजरेआड होण्याची एवढी वाट कुठल्या सुनेने बघितली नसेल.

तर रविवारी मास्तरकडून मैदान मागून घेतलं. (तुम्ही येणार नाही याची त्याने आधी खात्री करून घेतली.) तुमच्या चिरंजिवांना स्वेटर घालून निळ्या खुर्चीवर बसवलं. पाच बायकांच्या देखत साडी नेसवल्यासारखे बसले होते, पण बसले. मी गिअर टाकला, ट्रेलर जरासा हलला मात्र, हे खुर्ची सोडून फाटकाबाहेर. हाक मारली तर तिथूनच म्हणाले, माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. मग मी पोत्यात चिंध्या भरल्या, त्याला स्वेटर चढवला आणि खुर्चीवर ठेवलं. पोतं काही हललं नाही, तक्रार नाही. पण पोतं आहे म्हटल्यावर माझा हात सैल सुटला, जीवच लागेना, आणि गेलं चाक वरून. खुर्चीसुद्धा गेली. मास्तरने खुर्चीचे पैसे मागितले आणि या वेळी त्याला शेंग दाखवणारं कुणी नव्हतं.

ता. क. दुसरं. तुम्ही कधी हलला नाहीत. हे मला रविवारपर्यंत सुचलं नव्हतं. मी मैदानावर पहिल्या आठवड्यात वाळूच्या चाळीस पोत्यांचं ओझं लादलेला ट्रेलर वेडावाकडा घेऊन तुमच्या अंगावर येत होते, मास्तर शिट्टी फुंकत पळाला होता, आणि तुम्ही मटार सोलत होता. मान वर केली नाहीत. जिने मला मीठ जास्त पडल्यावरून वर्षभर ऐकवलं, तिने माझ्या ट्रकसमोरून एकदाही खुर्ची मागे सरकवली नाही. आई, तुमच्या पोटच्या पोराला जे जमलं नाही ते तुम्ही रोज करत होता, आणि घरी येऊन मला पोळी जाड झाली म्हणून बोलत होता. मी म्हटलं, तुम्ही नुसत्या बसला होतात. नुसतं बसायला किती लागतं ते मला रविवारी कळलं.

तर असं आहे. गुरुवारी सकाळी कंपनीच्या आवारात भिंतीलगत खुर्ची टाकायला हरकत नाही असं पहारेकरी म्हणाला, फक्त पांढऱ्या रेषेच्या मागे, आणि बसणाऱ्याने पिवळं हेल्मेट आणि चकाकणारं जाकीट घालायला हवं. जाकीट घालाच, पण त्यावरून स्वेटर घाला, नक्षीची बाजू मागे गेली की दिसत नाही. परीक्षेत प्रेक्षक असू नयेत असा नियम नाही; उस्तादला विचारलं, तो हं म्हणाला, आणि तो होकाराचा होता. पुढे रोज काय करणार असं तुम्ही विचाराल. मी त्यालाही विचारलं. तो म्हणाला, एकदा नीट लागला की हात शिकतात, मग खांब चालतो, नळ चालतो, काहीही चालतं. हे त्याचं दुसरं वाक्य. मी खांब शोधीन, आई, नळ शोधीन. पण पहिल्यांदा तुम्ही दिसायला हव्यात. बुधवारी आलात तर मैदानावर एक फेरी होईल. निळी खुर्ची नवीन घेतली आहे. मटार आणून ठेवले आहेत, आणि जिन्यात प्रत्येक मजल्यावर टेकायला एकेक स्टूल मांडायला तुमच्या चिरंजिवांना सांगितलं आहे. तेवढं ते करतील, त्यात ट्रक नाही.

ता. क. शेवटचं. यावरून तुमचं ते जिन्यातलं म्हणणं खरं होतं असा अर्थ मुळीच काढू नये. माझ्या हाताला घट्टे आहेत ते माझेच आहेत. तरीपण गुरुवारी मी पास झाले आणि तुम्हाला ते जिन्यात पुन्हा सांगावंसं वाटलं, तर खुशाल सांगा, वरच्या काकूंनाही सांगा. मी तेव्हा खाली ट्रक धूत असेन, मला काही ऐकू येणार नाही. येण्याचं भाडं मात्र तुम्हीच भरा. मी कंपनीत विचारून पाहिलं, सासूला परत आणायचे पैसे ते देत नाहीत. मागे जाणं धरत नाहीत म्हणाले. आणि एक लक्षात ठेवा, गुरुवारी मी किती जवळ आले तरी, नेहमीसारखं, हलू नका.